दुखणे, इंचांत

“मुंगी चावल्यासारखं म्हणजे नेमकं किती?” असे लहान मुलांच्या वॉर्डातल्या एका वरिष्ठ परिचारिकेने मला विचारले आणि मी वही चाळली. वेदनेसाठी आपल्या भाषेत कोणकोणते शब्द आहेत, ते टिपून घ्यायला मी तिथे गेलो होतो. वहीत कळ, ठणका, चमक, ठसठस अशी ऐटदार यादी होती. मुंगीची नोंद नव्हती. “म्हणजे आमच्याकडे दिवसातून वीसदा लागणारा शब्दच तुमच्याकडे नाही,” बाई म्हणाल्या आणि खुदकन हसल्या.

सारे त्यांना ‘टेपवाल्या सिस्टर’ म्हणत. वडील शिंपी असल्यामुळे त्यांचे बालपण शिवणयंत्राखालच्या चिंध्यांत गेले होते, आणि माप घेतल्याखेरीज कापडाला कात्री लावायची नाही हा घरचा दंडक अंगवळणी पडला होता. वडील गेल्यावर भावाने यंत्र घेतले. यांनी वडिलांच्या गळ्यातली टेप मागून घेतली. तान्ह्या बाळांच्या डोक्याचा घेर मोजायला ती खिशात असे. तिला दुसरे काम लागले ते नोकरीच्या नवव्या वर्षी.

त्या वर्षी न्यूमोनियाने आजारी असलेली सहा वर्षांची एक मुलगी दाखल होती. आई घरी तान्ह्या भावापाशी, म्हणून सोबतीला वडील. सकाळी तिच्या हातातली सलाईनची सुई निसटली, आणि अकराचे औषध चुकवून चालणार नव्हते. नवे डॉक्टर सुई घेऊन आले आणि सगळे म्हणतात तेच म्हणाले, “काही नाही गं, मुंगी चावेल, बस्स.”

मुलगी किंचाळून खाटेखाली शिरली. “मुंगी नको! मुंगी नको!”

“अगं बाळा, इथे कुठली आली मुंगी?” वडील वाकून म्हणाले.

“डॉक्टरांकडे आहे!”

वडिलांनी ओशाळून खुलासा केला. मागच्या उन्हाळ्यात ती अंगणात तांबड्या मुंग्यांच्या वारुळावर उभी राहिली होती. दोन दिवस तिला पाय टेकवत नव्हता.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिले. “चौघं जण धरा तिला.”

एकदा धरले की उपचाराचे उरलेले आठही दिवस ही पोर जवळ येणारा प्रत्येक हात झिडकारणार, हे सिस्टरांना ठाऊक होते. “पंधरा मिनिटं द्या मला, डॉक्टर,” म्हणत त्या सरळ फरशीवर बसल्या आणि त्यांनी टेप काढली.

“मुंगी कुणी आणलेली नाही. सुई आहे. आणि ती दुखणार आहे.”

वडिलांनी कपाळाला हात लावला. खाटेखाली मात्र हुंदके थांबले.

“किती?”

“माझ्या अंदाजाने चार इंच. तुझ्या मुंग्या किती होत्या?”

एक चिमुकला हात बाहेर आला. टेप तीस इंचांपर्यंत ओढली गेली.

“अगं बाई! मग बरोबर आहे तुझं. मीसुद्धा खाटेखाली बसले असते.”

“तुम्ही मावणार नाही.”

“सिस्टर, शिवणकाम काढलंत काय?” डॉक्टरांनी दारातून टोमणा मारला.

“अंदाज चुकला की उसवत मलाच बसावं लागतं, डॉक्टर.”

“चारपेक्षा जास्त दुखलं तर?” खाटेखालून विचारणा झाली.

“तर मी सगळ्यांदेखत म्हणेन, मी चुकले.”

हा सौदा पटला असावा. ती बाहेर आली आणि वडिलांच्या मांडीवर बसली. सुई गेली तेव्हा तिने भोकाड पसरले, पण हात हलवला नाही. मग नाक ओढत टेप घेतली, बोटाने आकडा धरला. “सहा!”

“मी चुकले!” सिस्टर वॉर्डभर ऐकू जाईल अशा ठसक्यात म्हणाल्या. पोर हसली. हसता हसता तिने मान वळवली, तर बाबांचे डोळे अजून घट्ट मिटलेले आणि कपाळावर घाम. तिने टेप शेवटच्या टोकापर्यंत, साठ इंच, ओढली.

“बाबांना अख्खी.”

“खरंय,” वडील डोळे न उघडताच म्हणाले. “पण मला कुणी विचारलंच नव्हतं.”

सिस्टरांच्या मते त्या दिवशी त्यांची खरी चूक दोन इंचांची नव्हती, ही होती. नऊ वर्षे त्यांनी फक्त रुग्णाचे माप घेतले होते. त्यानंतर त्या मुलाला विचारून झाले की सोबत बसलेल्या माणसाकडे टेप देत, आणि आकडा मोठा आला तर त्याला आधी चहाला पिटाळत.

उरलेले आठ दिवस तिला कुणालाही धरावे लागले नाही. सुई काढताना मुलीने अर्धा इंच सांगितला, तोही चिकटपट्टीचा.

टेपवाल्या सिस्टर २००९ साली निवृत्त झाल्या. २०१२पासून त्या वॉर्डाच्या तपासणीपत्रकात दुखण्याचे दोन रकाने आहेत, एक मुलाचा आणि एक सोबतच्या माणसाचा, आणि दोन्ही इंचांत भरले जातात.