पन्हाळ्याएवढंच हाय की

आमच्या कॉलेजातल्या शिपाईमामांना हिमालय दाखवायची खरं तर गरजच नव्हती. मुलांची सहल लडाखला पोचल्यापासून प्रत्येक डोंगरावर त्यांचा एकच शेरा, "पन्हाळ्याएवढंच हाय की!" मी भूगोलाचा प्राध्यापक. उंचावर हवा विरळ असते, असं मी समजावलं.

"पातळ म्हणा की, सर. पांढरा रस्साबी पातळच असतोय. म्हणून कोण मेलंय व्हय?"

सगळ्यात उंच खिंड तासाभरावर राहिली आणि एका विद्यार्थिनीला धाप लागली, उलट्या सुरू झाल्या. तिला ताबडतोब खाली न्यायला हवं होतं. कोण नेणार म्हटल्यावर मला नेमकी माझ्या बुटाची सुटलेली नाडी दिसली.

मामांनी तिची सॅक खांद्याला मारली. "चल पोरी. वर काय ठेवलंय? पन्हाळ्याएवढंच असणार."

दुसरी गाडी त्या दोघांना घेऊन खाली गेली. मी वर जाऊन खिंडीच्या पाटीला टेकून फोटो काढून घेतला.

कोल्हापुरात परतल्यावर स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, "खिंड कशी होती, मामा?"

"पन्हाळ्याएवढीच की," चहाचे कप मांडत मामा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मग तज्ज्ञ म्हणून सगळे माझ्याकडे वळले.

"होय," मी म्हणालो, "तेवढीच होती."