चेटकिणीला मराठी शिकवणाऱ्या टीचर

सकाळी सव्वासहाला टीचरचा निरोप आला होता. ‘हिसका नको, हिसडा लिही. बैल हिसडा देतो, खराटाही हिसडाच देणार.’ आदल्या दिवशी मी विचारलेल्या शंकेचं ते उत्तर होतं. मी वाक्यातला शब्द बदलला, विरारहून निघाले आणि डबिंगच्या स्टुडिओत पोचले. साडेदहाच्या सुमाराला त्यांच्या पुतण्याचा, जोसेफचा, फोन आला. "मेघना, टीचर गेली..." घरातली माणसंही त्यांना टीचरच म्हणायची. चर्चमधल्या सकाळच्या मिस्साहून त्या परत आल्या, चपला काढायला ओट्यावर बसल्या आणि तिथेच कलंडल्या. मी फोन घेतला तेव्हा काचेपलीकडे माइकसमोर उभी असलेली मुलगी नेमकं तेच वाक्य म्हणत होती, "खराट्या, हिसडे काय देतोस रे!" चौथ्यांदा ते पडद्यावरच्या ओठांवर बरोबर बसलं. सगळ्यांनी अंगठे वर केले.

त्याला आता पाच आठवडे झाले. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांना मिरी ठाऊक असेल. चेटकिणींच्या शाळेत शिकणारी, उडताना हमखास पडणारी, काढ्यात भलतंच काहीतरी घालणारी ती धांदरट पोर. परदेशातली ही कार्टून मालिका मराठीत आणायचं काम आमच्याकडे आलं. मिरीच्या तोंडचं मराठी लिहिणारी बाई वसईतल्या गासमधल्या एका वाडीत राहते, सत्तरीची आहे, रोज चर्चला जाते आणि चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली आहे, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. मार्था टीचर मलाही आठवी ते दहावी मराठीला होत्या. निबंधात ‘छान’ हा शब्द दिसला की त्या वही परत द्यायच्या. "छान म्हणजे कसं? मोगऱ्यासारखं छान की लोणच्यासारखं छान?" आम्ही वैतागायचो. पुढे मी डबिंगची वाक्यं लिहायला लागले आणि पहिल्याच महिन्यात कळलं की माझ्या पोटापाण्याची सोय त्या प्रश्नाने करून ठेवली होती.

मालिका आल्यावर मला पहिलं त्यांचंच नाव सुचलं. लॅपटॉप घेऊन गासला गेले. भाजीचे वाफे ओलांडून घर, पुढच्या खोलीत टेबल, वर क्रूस. टीचरनी पहिला भाग शेवटपर्यंत पाहिला, मध्ये एकदाही हसल्या नाहीत. मग लॅपटॉप हलकेच मिटला.

"नाही गं. मला नाही जमायचं."

मला वाटलं, धर्माचा प्रश्न असेल. चेटूक, मंत्र, काळ्या मांजरी... मी विचारलंसुद्धा, "चर्चमध्ये कुणी काही बोलेल असं वाटतं का?" तेव्हा मात्र त्या हसल्या. "फादरना मी बघून घेईन. त्यांना व्याकरण मीच शिकवलंय. ते कारण नाही." कारण काय ते सांगितलं नाही. सोललेल्या वालांची पिशवी माझ्या हातात ठेवली आणि मला वाटेला लावलं. मी मनातून रागावले होते. लॅपटॉपही तिथेच विसरले.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "तुझं यंत्र घेऊन जा. आणि जरा वेळ काढून ये."

त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते मी शाळेची तीन वर्षं आणि नंतरची वीस वर्षं त्यांना ओळखत असूनही कधी ऐकलं नव्हतं. टीचर बावीस वर्षांच्या असताना त्यांना पहिली नोकरी लागली ती पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरच्या शाळेत. चौथीत कमळी नावाची मुलगी होती. पाड्यावर एक मूल तापाने गेलं आणि कमळीच्या आईवर आळ आला... ती भुताळी आहे, तिनेच पोराला खाल्लं. शाळेतली मुलं कमळीच्या शेजारी बसेनात. टीचरनी तिला उचलून पुढे, आपल्या टेबलाला लागून बसवलं. मग एक दिवस गणिताच्या तासाला मागून कुणीतरी ओरडलं, "चेटकिणीची पोर!" सगळा वर्ग फिसकन हसला.

"मी काय केलं माहितीये? मी म्हटलं, असले शब्द वर्गात बोलायचे नाहीत. आणि फळ्यावर पुढचं गणित लिहिलं. बास. मला वाटलं, मी चांगलं वागले. पुढच्या सोमवारी कमळी आलीच नाही. घराला बाहेरून दोरी बांधलेली. मायलेकी रातोरात कुठे गेल्या ते कुणी सांगेना. मीही फार विचारलं नाही. भ्यायले होते गं मी."

मग त्यांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "तू गेल्यावर हे पुन्हा पाहिलं. दोनदा पाहिलं. ह्यात चेटकिणीची पोर शाळेत जाते. चुकते, पडते, बाकीच्या पोरी हसतात, पण तिला कुणी शाळेतून घालवत नाही... मी लिहीन. एकच अट. तिला चेटकीणच म्हणायचं. परीबिरी करायचं नाही."

काम सुरू झालं आणि टीचर दहा वर्षांनी लहान झाल्या. पडद्यावरच्या पात्राचे ओठ जिथे मिटतात तिथे मराठीतही ओठ मिटणारं अक्षर यावं लागतं, हे मी सांगितल्यावर त्यांनी टाळीच वाजवली. "म्हणजे प, फ, ब, भ, म! ओष्ठ्य व्यंजनं! आयुष्यभर शिकवली, कुणाला उपयोगी पडतील असं वाटलं नव्हतं." नायिकेचं परदेशी नाव बदलून मिरी केलं ते त्यांनीच. लहान पण झोंबणारी. उडायच्या झाडूवरून आमचा वाद झाला. मी केरसुणी लिहिलं होतं. "केरसुणीला पाय लागला तर आपण नमस्कार करतो, आणि तू पोरीला तिच्यावर बसवतेस? घरोघरी आज्या टीव्ही बंद करतील. अंगणातला खराटा घे." मंत्रांसाठी तर त्यांनी कमालच केली. मूळ मालिकेतले मंत्र नुसतेच अगम्य होते. टीचरनी ते च-च्या भाषेत लिहिले. मिरीला कुलूप उघडायचं असलं की ती ओरडते, "चारद चघडउ!" मोठ्यांना वाटतं काहीतरी गूढ आहे, पोरांना लगेच कळतं की ती ‘दार उघड’ म्हणतेय.

अडलं ते वाहिनीच्या माणसांशी. त्यांना चेटकीण हा शब्द नको होता. फार काळा वाटतो म्हणे, जाहिरातीत शोभणार नाही. जादूची परी म्हणा. मी टीचरना फोनवर चाचरत सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या इस्त्रीची सुती साडी नेसून, पर्समध्ये चष्म्याच्या दोन जोड्या टाकून माझ्याबरोबर त्या कचेरीत हजर. समोर माझ्याहून लहान अधिकारी. टीचरनी पाड्याचं काही काढलं नाही. म्हणाल्या, "बाळा, तो प्रसंग लाव." लावला. "आता तिच्या ओठांकडे बघ. मिटतायत का? नाही ना? मग परी कशी म्हणणार ती? प म्हणून दाखव बघू ओठ न मिटता." तो बिचारा खरंच प्रयत्न करायला लागला. खोलीतले सगळे हसले. संवादांत चेटकीण राहिली. मालिकेच्या नावात मात्र त्यांनी परी घातलीच. टीचर ती हार शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. शीर्षक आलं की पडद्यावर हात आडवा धरायच्या.

मालिका लागली, मुलांना आवडली. सोसायट्यांच्या आवारात पोरं खराटे पळवायला लागली, च-ची भाषा घुमायला लागली. आम्ही खुशीत होतो. अशात एक दिवस सुनंदाताईंचा फोन आला. त्या डोंगरपट्ट्यात बायकांसाठी काम करतात. माझा नंबर त्यांनी कुठून तरी मिळवला होता. आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "तुमची चेटकीण गोड आहे हो. पण आमच्याकडे हा शब्द उच्चारला की बाईला घराबाहेर काढतात, मारतात. तुम्ही मुलांना हा शब्द हसत हसत देताय. मागचा सगळा इतिहास पुसून देताय. जरा विचार करा."

मी हे टीचरपासून लपवून ठेवायचं ठरवलं होतं. दोन दिवससुद्धा जमलं नाही. सांगून टाकलं. त्या आठवड्यात एकही पान आलं नाही, त्याच्या पुढच्यातही नाही. मला वाटलं, संपलं सगळं. मग त्यांनीच फोन केला. "त्या बाईंना विचार, मला त्यांच्याकडच्या एखाद्या शाळेत नेतील का."

गेलो आम्ही. शाळेतल्या चाळीसेक मुलांना सतरंजीवर बसवून एक भाग दाखवला. मुलं खदखदून हसली. संपल्यावर टीचर खुर्चीतून उठून खाली मुलांत जाऊन बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी बसल्या. म्हणाल्या, "आता एक खरी गोष्ट सांगते. ही हसण्याची नाही." आणि त्यांनी कमळीची गोष्ट सांगितली. नाव सांगितलं नाही, बाकी काहीच वगळलं नाही. स्वतःचं फळ्यावर गणित लिहिणंही नाही. मग दोन वेण्यांतली एक मुलगी उभी राहिली.

"ती आता कुठंय?"

"माहीत नाही मला."

"मग तुमी शोधाया नाय गेल्या?"

टीचरनी तिच्याकडे बघितलं. "नाही गेले," त्या म्हणाल्या. परतीच्या वाटेवर एसटीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. विरार जवळ आल्यावर एवढंच बोलल्या, "पोरीने बरोबर प्रश्न विचारला. सोपा होता. पन्नास वर्षांत मला सुचला नाही."

शोध सुनंदाताईंनी घेतला. चार महिने लागले. शाळेच्या जुन्या रजिस्टरातून मूळ नाव, मग एका लग्नातून दुसऱ्या लग्नाचा धागा... कमळी जव्हारच्या रस्त्याला लेकाकडे राहत होती. साठीला आलेली, नाकात चमकी, हाताला नाचणीचं पीठ. आम्ही गेलो तेव्हा अंगणात दोन नातवंडं खेळत होती. आईचं विचारलं, तर म्हणाली, आम्ही निघून आलो तेव्हा वाचलो, आई मग पुष्कळ वर्षं जगली. टीचरनी तिचे दोन्ही हात धरले आणि त्या गणिताच्या तासाची माफी मागितली. कमळी गोंधळली. तिला तो तास आठवतच नव्हता.

"पोरां तर रोजच बोलायची, बाई. त्याचां काय... पन तुमी मला पुढं बसवली ना, एकटीला? तवा मला वाटलां, बाईंनीपन मला येगळी काढली."

टीचरच्या चेहऱ्यावरचा रंग मी उतरताना पाहिला. पन्नास वर्षं त्यांनी एका चुकीचं ओझं वाहिलं होतं, आणि दुखलं होतं ते भलतीकडेच. जिथे आपण माया केली असं त्या समजत होत्या तिथे. त्यांनी सावरायचा, समजवायचा प्रयत्न केला नाही. "चुकलं माझं, कमळी," एवढंच म्हणाल्या. कमळीने काळा चहा केला. मग नातवंडांनी हट्ट केला म्हणून मी मिरीचा भाग लावला. कमळी पदर तोंडाला लावून बघत होती. मिरी तिसऱ्यांदा तळ्यात पडली तेव्हा ती फस्सकन हसली. "ही चेटकीण लय पडते, बाई! हिला कोन भिनार?" टीचरही हसल्या. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

त्यानंतर त्या दर महिन्याला एकदा त्या डोंगरातल्या शाळेत जायला लागल्या. मालिकेचा एक भाग दाखवायच्या आणि पाठोपाठ खरी गोष्ट सांगायच्या. सुनंदाताईंचं त्यांच्याशी पूर्ण पटलं असं नाही. शब्दावरून त्या दोघी शेवटपर्यंत भांडत राहिल्या, पण भांडण एकमेकींच्या घरी जेवून व्हायचं. कुणाचं बरोबर, मला अजून सांगता येत नाही. टीचरही कधी मी जिंकले म्हणाल्या नाहीत.

टीचरना जाऊन महिना झाला तेव्हाच्या मिस्साला गासला गर्दी होती. तीन पिढ्यांचे विद्यार्थी. त्यात मागच्या बाकाशी हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी, कधी बसायचं, कधी उठायचं ते शेजारणीकडे बघून करणारी. कुणीतरी कुजबुजत विचारलं, "तुम्ही कोण?" कमळी म्हणाली, "मी बाईंच्या वर्गातली. चौथीची." जोसेफने तिचा हात धरून तिला घरच्या माणसांच्या बाकावर नेऊन बसवलं.

मालिकेचे अकरा भाग अजून व्हायचेत. ते आता मी लिहिते, दर बुधवारी गासला जाऊन, त्यांच्याच खोलीत बसून. विरारच्या फ्लॅटमध्ये शब्द येत नाहीत असं नाही, पण इथे ते तपासून मिळतात. टीचर वाक्य लिहून झालं की मागच्या दारात उभ्या राहून ते मोठ्याने म्हणायच्या. लांब वाफ्यात काम करणाऱ्या जोसेफच्या बायकोला, सबीनाला, ते एका दमात कळलं तर वाक्य पास. नाही कळलं तर कागद चुरगाळायचा. परवा मी तशीच दारात उभी राहिले. घसा खाकरला, मिरीचं वाक्य म्हटलं. सबीना पालकाच्या वाफ्यात वाकलेली होती. तिने मान वर केली, हाताची कमान कपाळावर धरून दाराकडे बघितलं. मग नेहमीच्या खणखणीत आवाजात ओरडली, "नाय कळलं! परत बोला!"

मी कागद चुरगाळला आणि पुन्हा टेबलाशी जाऊन बसले.