स्वस्त हवं, फुकट नको

मलर माझ्याहून वयाने लहान, पण तोंडाने मोठी. मासळीच्या कारखान्यात आम्ही दोघी शेजारीशेजारी उभ्या राहायचो. खालून दिवा लावलेल्या टेबलावर कॉड माशाचे तुकडे यायचे आणि आम्ही चिमट्याने त्यातले काटे नि किडे वेचायचो. बोटं गारठून जायची, पण हिच्या जिभेला गारठा कसा तो ठाऊक नाही. मुकादमाला ती तमिळमध्ये काय काय म्हणायची ते त्याला कळलं असतं, तर आम्ही दोघी त्याच दिवशी घरी बसलो असतो.

नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, सांडविकला, आम्ही सगळे श्रीलंकेतलं जाफना सोडून आलेलो. पाच घरं, कारखान्याच्याच इमारतीत वर-खाली. जुलै आला की कारखाना बंद व्हायचा आणि गाव रिकामं. इथल्या प्रत्येकाची कुठे ना कुठे लाकडी खोपटी असते, तिकडे निघून जायचे सगळे. आमची पोरं तेवढी जिन्यावर. चोवीस तास ऊन, झोपायला सांगावं तर सूर्य डोक्यावर, आणि खेळायला कारखान्याची मोकळी खोकी. मलरची यालिनी एकदा आईला म्हणाली, "अम्मा, सुट्टी म्हणजे शिक्षा असते का?" पोर सहज बोलली, पण मलरच्या ते जिव्हारी लागलं. पुढच्या जुलैत पोरांना घेऊन आठवडाभर पाण्याकाठी राहायचं, असं तिने माझ्यासमोर, हातात चिमटा धरून ठरवलं. आणि पोरांना सांगूनही टाकलं. एकट्या यालिनीला नाही, पाचही घरच्या पोरांना! मी म्हटलं, बाई गं, आधी जागा तर बघ.

मग सगळा हिवाळा तिने जागा बघितली. मुकादमाला विचारलं, शाळेतल्या नर्सला विचारलं, बसच्या ड्रायव्हरला तर दर आठवड्याला. हॉटेलचे दर ऐकून बर्फातही घाम फुटायचा. तंबूची मैदानं होती, पण त्याला गाडी हवी, तंबू हवा. कुणी म्हणे दक्षिणेला छान छावण्या आहेत, पण तिथवर जायच्या तिकिटात आमचं वर्षाचं तांदूळ-तेल आलं असतं.

शेवटी नगरपालिकेतली एक बाई भेटली. भली बाई होती, खोटं कशाला बोलू. म्हणाली, गरजू कुटुंबांसाठी एक आठवडा असतो, बस फुकट, राहणं फुकट, जेवण फुकट. मलरचा नवरा कुलसिंगम खुर्चीतच हसायला लागला. मलरने मात्र विचारलं, गरजू म्हणजे कोण? ज्यांना काम नाही, जे आजारी आहेत ते, असं कळल्यावर ती उठली आणि म्हणाली, "आम्ही दोघंही कामाला जातो. आजारी माणसाच्या पोराची जागा आमच्या पोरांनी का खायची? आम्हाला स्वस्त हवं, फुकट नको."

 घरी आल्यावर कुलसिंगमचा तोल सुटला. देव द्यायला आला आणि हिने दार लावून घेतलं, असं तो महिनाभर भेटेल त्याला सांगत होता. मलादेखील थोडं तसंच वाटलं होतं. नाक आहे म्हणून किती वर धरायचं!

एप्रिलच्या शेवटी किराणा दुकानातल्या फळ्यावर एक कागद लागला. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या खाडीच्या, पलीकडच्या काठाला कोळी-कोळणींच्या संस्थेची एक जुनी छावणी होती. चार खोपट्या, एक मोठी स्वयंपाकाची खोली, होड्या ठेवायचं एक नावघर. कागदावर होतं की मेमधल्या सार्वजनिक कामाच्या दिवसांपैकी एक दिवस जे घेतील, त्यांचा जुलैच्या आठवड्यांसाठी आधी विचार होईल. आमच्यात नॉर्वेची भाषा नीट वाचणारे एकच, राजरत्नम मास्तर. त्यांनी वाचून अर्थ सांगितला, "अगं, देवळाच्या कामासारखं आहे. सगळे मिळून करायचं, पैसे घ्यायचे नाहीत. दिवस वाटून घेतात."

देवळाचं काम, आणि दिवस वाटून घ्यायचे! आता आमच्याकडे जत्रेचे दिवस घराण्यांना वाटून दिलेले असतात. त्याला उपयम म्हणतात. ज्याचा दिवस, त्याचीच त्या दिवसाची फुलं, तेल, वाजंत्री आणि येईल त्याला पोटभर जेवण. मलरच्या माहेराकडे अम्मन देवीच्या जत्रेचा पाचवा दिवस होता. वडील शाळेत शिपाई, पण गळ्यातलं गहाण टाकतील, दिवस सोडणार नाहीत. मास्तरांच्या तोंडून 'दिवस' ऐकला आणि मलरचे डोळे चमकले. म्हणाली, अक्का, हे तर आपल्याला येतं. आणि आम्हा सगळ्यांनाच ते बरोबर वाटलं, मास्तरांनासुद्धा. दुकानात जाऊन तिने एका शनिवारपुढे पाचही घरांची नावं लिहून टाकली.

त्या शनिवारी काय थाट होता म्हणून सांगू! भात, डाळीचं परिप्पू, बटाट्याची करी, कोबी, गाजर, वडे, पापडम आणि पातेलंभर पायसम, म्हणजे खीर. देवाच्या दिवसाचं म्हणून मासळी नाही, ती आम्ही रोज बघतोच. बायका रेशमी साड्यांत, वर लोकरीचे स्वेटर. पुरुष पांढऱ्या शर्टात. मलरने लग्नातली जांभळी साडी नेसली होती. एका ओळखीच्याची मासळीची गाडी आणली होती, तिच्यात पातेली नि पोरं धरून आम्ही फ्योर्डला वळसा घालून पोचलो.

उतरलो आणि बघतो तर काय. काठावर अजून बर्फाचे ढीग. छपरावर माणसं, शिडीवर माणसं, कुणाच्या हातात दाताळं, कुणाच्या हातात रंगाचा डबा. सगळ्यांच्या अंगावर फाटके, डागाळलेले कपडे. सगळ्यांचे हात थांबले. आम्ही रेशमात, ते चिंध्यांत, आणि मध्ये आमची वाफाळती पातेली.

संस्थेची प्रमुख तोरब्योर्ग म्हणून एक उंच म्हातारी होती, आयुष्यभर जाळी विणलेली. रबरी बूट घातलेली ती पुढे आली. इथल्या भाषेत लहानमोठ्या सगळ्यांना अरे-तुरेच. तिने मलरला विचारलं, "अगं, तुमच्याकडे आज लग्न आहे का? इथे तर आज काम आहे."

कुलसिंगमचा चेहरा असा उतरला की विचारू नका. तो तमिळमध्ये पुटपुटला, चला, गाडीत बसा. मास्तर समुद्राकडे बघायला लागले. आणि मी मनात म्हटलं, झाली शोभा, आता जुलैत पोरांना काय सांगणार ही?

मलर लाल झाली, पण हलली नाही. म्हणाली, "अहो, मी दिवस घेतलाय. घेतलेला दिवस टाकून मी जाणार नाही." मग तिने निऱ्या वर खोचल्या, पदर कमरेला आवळला, कुणाच्या तरी हातातला ब्रश घेतला आणि शिडीवर चढली. जांभळ्या रेशमात, नावघराच्या भिंतीला लाल रंग! ती चढली म्हटल्यावर आम्ही काय खाली उभ्या राहणार? मी जुना रंग खरवडायला बसले. पांढरे शर्टवाले कुजकी लाकडं वाहायला लागले. तासाभरात कोण तमिळ आणि कोण नॉर्वेचा ते कपड्यांवरून ओळखू येईना.

दुपारी हात थांबले आणि दुसरीच पंचाईत झाली. ती माणसं आपापल्या दगडावर जाऊन बसली, खिशातून कागदात गुंडाळलेला पाव काढून खाऊ लागली. आमच्या पातेल्यांकडे कुणी ढुंकूनही बघेना. तिरस्काराने नाही हो, दुसऱ्याच्या डब्यात डोकावू नये ही त्यांची रीत. पण आमच्याकडे उपयमाचं जेवण उरलं म्हणजे दिवस वाया गेला. मलर पातेल्याजवळ पळी धरून उभी. 

ती तोरब्योर्गकडे गेली. मोडक्यातोडक्या भाषेत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "आमच्या गावात जो दिवस घेतो तो सगळ्यांना जेवू घालतो. मला वाटलं इथेही तसंच. चुकलं माझं. पण हे जेवण तुमच्यासाठी केलंय. तुम्ही नाही खाल्लं, तर आमचा दिवस मोजला जात नाही."

तोरब्योर्गने हातातला अर्धा पाव परत कागदात गुंडाळला, खिशात ठेवला आणि ताट मागितलं. मग सगळे उठले. आस्लाक म्हणून एक म्हातारा कोळी होता, त्याच्या डोळ्यांतून करीने पाणी काढलं. नाक पुसत पुसत तो दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदाही आला. पायसमचं पातेलं तर पोरांनी बोटांनी निपटलं. रिकामी पातेली बघून मलर जी हसली, तसं हसू मी कारखान्यात कधी पाहिलं नव्हतं.

काम संपल्यावर संस्थेची माणसं नावघराच्या पायरीवर बसून बोलली आणि तोरब्योर्गने आम्हाला बोलावलं. जुलैचा दुसरा आठवडा तुमचा, म्हणाली. भाडं नको, तुमच्या जेवणातच ते फिटलं.

कुलसिंगमने दोन्ही हात जोडले. आणि मलर म्हणाली, "नाही."

मी तिला चिमटा काढला. तिने माझा हात झटकला. "दिवस दिला तो दिला. त्याचे पैसे वळते करून घेतले तर तो आमचा दिवस कसला? सगळ्यांकडून घेता तेवढं भाडं आमच्याकडून घ्या."

आता अडचण अशी, की कमी भाडं होतं फक्त सभासदांना. बाहेरच्यांचा दर आम्हाला झेपणारा नव्हता. तोरब्योर्गने तसं स्पष्ट सांगितलं, आणि हेही सांगितलं, की सभासद फक्त कोळ्यांच्या घरचे होऊ शकतात, पहिल्यापासून तसाच नियम आहे. कुलसिंगमने डोळे मिटून घेतले. हाता-तोंडाशी आलेला घास बायकोने दुसऱ्यांदा लाथाडला होता. मला पोरांची तोंडं दिसायला लागली. एवढा ताठा कशाला, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात आस्लाक खाकरला. तोंडाची आग अजून गेली नव्हती त्याच्या. म्हणाला, "मी हिवाळाभर जो मासा पकडतो, त्यातले किडे ही बाई काढते. आणखी किती कोळीण व्हायला हवी ती?"

 मग तोरब्योर्गने हात वर केला. तिच्यामागून एकेक हात वर जात गेला, सगळे लाल रंगाने माखलेले. मलरने मान खाली घातली. ती रडली, आणि मी तर धाय मोकलून रडले, उगाच लपवू कशाला.

जुलैत गेलो आम्ही. भाडं मोजून दिलं, सभासदाचं. पोरं न मावळणाऱ्या उन्हात काठावरून हलेनात, मासे धरत होती, शेवाळ अंगाला फासत होती. तीन खोपट्यांत आम्ही पाच घरं, चौथी खोपटी दक्षिणेकडून आलेल्या एका कुटुंबाने घेतली होती. त्यांतला गृहस्थ सज्जन होता. आम्हाला बघून त्याने तोरब्योर्गला विचारलं, हे पाहुणे कुठल्या देशाचे?

"पाहुणे तुम्ही," तोरब्योर्ग म्हणाली. "ही घरची माणसं." आणि तिने कोपऱ्यातला लांब दांड्याचा ब्रश उचलून मलरच्या हातात दिला. संडास धुण्याची पाळी पाहुण्यांना नसते, घरच्यांनाच असते.

कुलसिंगम पुढे होऊन ब्रश घ्यायला लागला. मलरने दिला नाही. सगळ्या आवारातून, दक्षिणेच्या त्या कुटुंबासमोरून, आमच्या पोरांसमोरून, तो ब्रश खांद्यावर टाकून ती ताठ मानेने संडासाकडे गेली. मी बादली घेऊन तिच्या मागे निघाले.