रेंझोचा उजवा गुडघा

अमिरातीतल्या फुजैरा शहरातल्या एका फुटबॉल क्लबात भानुदास शिर्के बावीस वर्षं खेळाडूंना मालिश करत होता. चौतिसाव्या वर्षी इटलीहून आलेल्या रेंझो या विंगरवर त्याचा फार जीव. मैदानाच्या कडेनं धावून धावून रेंझोचा उजवा गुडघा झिजला होता.

रेंझोच्या निवृत्तीच्या मॅचच्या आदल्या दिवशी मालिश करताना तो गुडघा आतून पार सैल झालेला भानुदासच्या हाताला कळला. एक धडक बसली असती, तर रेंझो कायमचा लंगडा झाला असता.

"भानू, कोचला सांगू नकोस," रेंझो म्हणाला. "उद्या माझे वडील येताहेत. त्यांनी मला इथं खेळताना पाहिलेलंच नाही."

भानुदासनं होकारार्थी मान हलवली आणि संध्याकाळी क्लबच्या डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी रेंझो साध्या कपड्यांत, म्हाताऱ्या वडिलांशेजारी प्रेक्षकांत बसून होता. भानुदासकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. आठवड्याभरात तो न भेटताच मायदेशी गेला.

"अहो, पाय तरी वाचला ना त्याचा," भानुदासची बायको मीनाक्षी म्हणाली.

"वाचला गं. पण मी गप्प बसणार नाही, हे त्याला तोंडावर सांगायला हवं होतं. मी नुसती मान हलवली."