डाव्या हाताची पेरणी

दोन हजार पंचवीस साल होतं, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. गारखेड्यातल्या चित्रांच्या दालनाचा वर्धापन दिन होता, म्हणून नात मला घेऊन गेली. लोकांना आवडतील ती चित्रं पुढच्या महिन्यातल्या मोठ्या प्रदर्शनात लागणार होती.

एका चित्रात शेतकरी डाव्या हातानं बी पेरत होता. शेजारी चाळिशीची एक बाई उभी होती, नखातला रंग पदरानं पुसत. "काका, खुर्ची आणू का?" म्हणाली.

"खुर्ची राहू दे. पेरणी कुणी डाव्या हातानं करतं व्हय? काढणाऱ्यानं शिवार तरी बघितलंय का?" मी मुद्दाम मोठ्यानं बोललो. लोक हसले, दालनाचे मालकही हसले. मला लई बरं वाटलं.

बाई हसली नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "माझा बाप हाय तो, काका. उजवा हात मळणीयंत्रात गेला. पेरणी काय थांबती व्हय?"

मग नीट बघितलं. उजव्या खांद्यावरचं उपरणं सरळ खाली लोंबत होतं, त्याच्या आड हात नव्हता. उभी हयात शेतात घालवून मला ते दिसलं नव्हतं. 'चुकलो' म्हणायला तोंड उघडलं, पण तो शब्द मी बायकोलाही कधी म्हणलो नव्हतो. चपला शोधायचं निमित्त करून बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक कुलूप काढायला आले, तेव्हा मी पायरीवर बसलेलो होतो. म्हणालो, "शेतकरी बरोबर पेरतोय. चुकलो मी. ते चित्र मोठ्या प्रदर्शनात लावा, अन् त्या बाईला सांगा, म्हातारा येऊन गेला."