सत्तेचाळिसाव्या ओळीतले चार सेकंद

भूत-भानामतीवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. चामोर्शी तालुक्यात, मार्कंड्याच्या अलीकडे, वनहक्क दाव्यांचं कॉम्प्युटरचं काम करतो मी. आणि माझं डोकं भुतानं नाही, एक्सेलनं फिरवलं...

काम साधं. शेताचं ठिकाण मोबाईलवर दशांशात येतं — 19.9217 असं. फॉर्मवर मात्र अंश, मिनिटं, सेकंद लागतात. फॉर्म्युला टाकायचा, खाली ओढायचा, झालं! सगळ्या ओळी बरोबर आल्या. फक्त सत्तेचाळिसावी, पार्बताबाईंची, अडून बसली. हातानं गुणाकार केला की 55 मिनिटं 18 सेकंद, शीटमध्ये 22. फॉर्म्युला पुसून स्वतः 18 लिहिले, सेव्ह केलं, परत उघडलं — 22. नवीन फाईल, दुसऱ्याचा लॅपटॉप... तिथंही 22. काय म्हणावं याला?

चार सेकंद म्हणजे जमिनीवर सव्वाशे मीटर. बाईंचा दावा आधीच लटकलेला. तीन पिढ्या जमीन कसल्याचा पुरावा हवा होता. जुन्या कागदात त्यांच्या सासऱ्यानं शेताच्या पाण्यासाठी बांधलेल्या बोडीची, म्हणजे छोट्या तळ्याची, नोंद होती, पण ती बोडी जागेवर कुणालाच सापडत नव्हती. नाही दाखवली तर शेत गेलं. त्यात माझा हा घोळ! साहेबांनी मलाच झापलं आणि परत मोजायला पाठवलं.

एप्रिलचं ऊन, बाई सोबत. शेतात मोबाईलवर तोच दशांश आला, म्हणजे चोख 18. मग मी चिडूनच 22 च्या जागेकडे निघालो. तिथं काही नाही असा फोटो काढून साहेबांपुढे आपटायचा होता. बोरीच्या काट्यांनी शर्ट फाटला, आणि पाय लागला तो रांगेत रचलेल्या दगडांना. झुडपांखाली लांबच लांब पाळ होती, त्या बोडीचा बांध. बाई तिच्यावर बसल्या आणि रडायलाच लागल्या. म्हणाल्या, ही फुटली तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं, नुसतं ऐकून होत्या.

"तुह्या मशीनले कोनं सांगतलं रे बाबू?"

"मले नाई मालूम, बाई."

पंचनामा झाला, दावा मंजूर झाला. ती ओळ आता 18 दाखवते, मी हातही लावलेला नाही. जाणकारांना फाईल दाखवली, तर म्हणे राउंडिंगची चूक असेल. अहो, चार सेकंदांचं राउंडिंग असतं होय?

जमिनीचा पट्टा मिळाला त्या दिवशी बाई ऑफिसात येऊन माझ्या पाया पडायला वाकल्या. मी मागेच सरकलो. कसलं श्रेय घेऊ? आठवडाभर मी ती ओळ दुरुस्त करायच्याच मागे लागलो होतो...