जळलेल्या पार्टांचा डबा

सीताबर्डीच्या त्या दुकानात रेडिओचे पार्ट विकत मिळत आणि सल्ला फुकट. नवशिक्यानं तोंड उघडलं की काउंटरला टेकलेले पाच जण पाच उत्तरं देत. घरी जाऊन करून पाहिलं की पाचही उत्तरांतून सारखाच धूर निघे.

सहावा माणूस गप्प असायचा. मळकट सफारी, खिशात टेस्टर आणि हातात तंबाखूचा जुना डबा. त्या डब्यात त्यानं स्वतः जाळलेले पार्ट असत. कुणी काही विचारलं की तो डब्यात बोट फिरवी. विचारलेला पार्ट त्यात सापडला तरच बोले, आणि ते उत्तर कधी चुकत नसे.

शहरात टीव्ही आला तेव्हा मी अँटेनाचा बूस्टर बांधायला घेतला आणि त्यालाच अडचण विचारली. त्यानं डबा चाळला, झाकण लावलं.

"बूस्टर मी अजून जाळला नाही. मले काहून विचारून राहिला गा? या पाचांले विचार, त्यांले सगळंच येते."

मला राग आला. सांगायचं नाही तर नको म्हणावं, एवढा भाव कशाला खायचा?

पंधरा दिवसांनी तो दुकानात आला. बोटाला पट्टी होती, डावी भुवई अर्धी जळाली होती. माझ्यासमोर त्यानं डबा उघडला.

"हं, आता विचार."